डिलिव्हरीच्या कामाला नवे लागलात? बाइकवरचं हे गणित आधी समजून घ्या

बाइक चालवता येणं वेगळं आणि बाइकवर काम करता येणं वेगळं. लायसन्सची परीक्षा देताना पाठीवर बॅग नसते, हँडलवर मोबाइल वाजत नसतो आणि "कुठे पोहोचलात?" असं विचारणारा ग्राहकही नसतो. कामाला लागल्यावर हे तिन्ही एकदम अंगावर येतं. मग नवीन माणूस जे हाताशी सापडतं तेच करतो, म्हणजे ॲक्सिलरेटर पिळतो.

त्याने नेमकं काय मिळतं ते आधी बघू. पाच किलोमीटरचं अंतर ताशी ४० ने साडेसात मिनिटांत होतं, ५० ने सहा मिनिटांत. म्हणजे वाटेत एकही सिग्नल, वळण किंवा स्पीडब्रेकर नाही असं धरलं तरी वाचतं फक्त दीड मिनिट. शहरात तेवढंही वाचत नाही, कारण पुढच्या सिग्नलला सगळे पुन्हा एकत्रच उभे असतात.

आता दुसरी बाजू. समोर अचानक कुणी आलं, तुम्हाला कळून हात ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, रस्ता कोरडा आहे आणि ब्रेक चांगले आहेत असं समजा. ताशी ४० ची बाइक साधारण २० मीटरमध्ये थांबते, ५० ची साधारण २८ मीटरमध्ये. आठ मीटरच तर जास्त, असं वाटेल. पण ४० वाली बाइक ज्या जागी पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी ५० वाली अजून ताशी ३७-३८ च्या वेगात असते. तिथे समोर माणूस असेल तर एक रायडर त्याच्यापाशी थांबतो, दुसरा ताशी ३७-३८ च्या वेगाने त्याला धडकतो.

वेळ वाचवायच्या जागा आहेत, आणि भरपूर आहेत. पण त्या बहुतेक सगळ्या गाडी उभी असतानाच्या आहेत. त्या नवव्या पायरीत येतील. तोवर गाडीवर बसायची तयारी.

१. कागदपत्रं आणि विमा

- तुमच्या गाडीच्या प्रकाराला चालणारं लायसन्स (गिअरची आणि बिनगिअरची गाडी यांचा परवाना बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो)
- गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र
- चालू विमा पॉलिसी आणि तिचा नंबर
- कंपनीचं ओळखपत्र
- घरच्या एका माणसाचा नंबर, रक्तगट आणि औषधाची ॲलर्जी असेल तर ती, हे सगळं कागदावर लिहून पाकिटात. मोबाइलमध्ये असू दे, पण अपघातात मोबाइल फुटतो किंवा लॉक असतो.

यातला खरा सापळा विम्याचा आहे. घरच्या वापरासाठी काढलेली पॉलिसी डिलिव्हरीच्या कामाला लागू होईलच असं नाही. व्यावसायिक वापर वगळणारं एक वाक्य मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं आणि ते दाव्याच्या दिवशीच सगळ्यांना सापडतं. विमा कंपनीला स्पष्ट विचारा, "या गाडीवर मी पैसे घेऊन सामान पोहोचवतो, हे या पॉलिसीत बसतं का?" उत्तर लेखी घ्या, ईमेलही चालेल.

ज्या कंपनीसाठी काम करता तिचं अपघात संरक्षण असेल तर ते कधी सुरू होतं आणि कधी संपतं हेही वाचा. काही योजनांत ते ऑर्डर हातात असेपर्यंतच असतं. रिकाम्या हाताने परतताना किंवा पुढच्या ऑर्डरची वाट बघत फिरताना तुम्ही कुणाच्याच खात्यात नसता.

२. हेल्मेट, आणि त्याचा पट्टा

हेल्मेट घालण्याने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ साली निघालेला निष्कर्ष सांगतो. हनुवटीसह पूर्ण चेहरा झाकणारं घ्या. आत तुमच्या देशाचं मान्यताचिन्ह किंवा युरोपियन मानकाचं, म्हणजे ईसीई २२.०६ चं, लेबल आहे का बघा.

पण डिलिव्हरीवाल्यांची अडचण हेल्मेट नसणं ही नसते. अडचण पट्ट्याची असते. दर थोड्या वेळाने उतरायचं, चढायचं, म्हणून पट्टा लोंबता ठेवायची सवय लागते. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच आपटीत डोक्यावरून निघून जातं, म्हणजे असून नसल्यासारखंच. यावर उपाय सोपा आहे: एका हाताने उघडणारं, दातेरी पट्टीचं बकल असलेलं हेल्मेट घ्या. हनुवटीचा भाग वर उचलता येणारं हेल्मेटही या कामाला सोयीचं पडतं, बोलायला काढावं लागत नाही. मात्र चालवताना तो भाग खाली ओढून बंदच ठेवा. काळी काच रात्री चालत नाही. ओरखडे पडलेली काच तर दिवसाही बदला.

बोटं झाकणारे हातमोजे घ्या, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. घोटा झाकणारे, नाडी आत खोचलेले बूट घाला. चप्पल घालून हे काम करू नका, एवढं एक तरी माझं ऐका. जॅकेटवर आणि बॅगच्या मागच्या बाजूला प्रकाश परतवणारी पट्टी हवी.

३. निघण्याआधी दोन मिनिटं

टायर, ब्रेक, चेन, दिवे. क्रम ठरवून घेतला की हात आपोआप चालतात.

टायरची हवा गार टायरवर तपासायची, कारण गाडी चालून टायर तापला की दाब वाढलेला दिसतो आणि हवा पुरेशी आहे असा भ्रम होतो. किती हवी ते चेन-गार्डजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं. तिथे बहुतेक दोन आकडे असतात, एकट्याचा आणि मागे माणूस बसल्याचा. जड बॅग मागे लावून फिरणार असाल तर मागच्या टायरला दुसरा आकडा जवळचा. टायरच्या खाचांत छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला.

पुढचा आणि मागचा ब्रेक गाडी ढकलत एकेकदा दाबून बघा. लिव्हर थेट मुठीला टेकत असेल तर आज काम नाही, आधी मेकॅनिक. चेन फार ताणलेली नको आणि लोंबतीही नको. ढील किती हवी तेही पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. ब्रेकलाइट दोन्ही ब्रेकने लागतो का, हे मागच्या भिंतीवर पडणाऱ्या उजेडात दिसतं. आरसे हलून वाकडे झालेले असतात, ते रोज नीट करा.

४. बॅग आणि वजन

मोठी चौकोनी बॅग पाठीवर घेतली की तीन गोष्टी बदलतात. वजन वर जातं, त्यामुळे कमी वेगात वळताना गाडी पटकन एका बाजूला कलते. बाजूने वारा आला की बॅगेवर बसतो आणि तुम्हाला ढकलतो. शिवाय मान वळवून मागे बघणं अवघड होतं. जमत असेल तर मागे कॅरिअर बसवून त्यावर बॉक्स पक्का बांधा, पाठही वाचते. पाठीवरच घ्यायची असेल तर छातीवरचा पट्टा लावा आणि बॅगेचा तळ सीटला टेकेल इतपत खाली घ्या, म्हणजे भार खांद्यांवर येत नाही.

जड वस्तू तळाशी, पुढच्या बाजूला. आत रिकामी जागा असेल तर ती भरा, नाहीतर ब्रेक मारताना सामान पुढे सरकून एक जादा धक्का देतं. मागे जास्त वजन झालं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल सैल वाटू लागतं. तसं वाटलं तर सामान कमी करा.

हँडलला पिशवी कधीच लटकवू नका. "एकच आहे, हलकी आहे" म्हणून लटकवलेली पिशवी वळताना टाकी आणि हँडलच्या मध्ये अडकते किंवा पुढच्या चाकाकडे झुलते. बसत नसेल तर ऑर्डर दोन फेऱ्यांची आहे, असं कळवा.

५. मोबाइल

ताशी ५० ने जाताना दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर सुमारे २८ मीटर तुम्ही डोळे मिटून गेलात. हे लक्षात ठेवलं तर पुढचे नियम वेगळे सांगावे लागत नाहीत, तरी सांगतो.

निघण्याआधी नकाशा मोठा करून शेवटची तीन वळणं आणि ओळखीची खूण डोक्यात बसवा. बाकी रस्ता आवाजाने कळतो: एका कानात हलक्या आवाजात दिशा, दुसरा कान रस्त्याला. ॲपने नवी ऑर्डर दाखवली आणि ती स्वीकारायला काही सेकंदच मिळत असले तरी चालत्या गाडीवर बोट लावायचं नाही. एखादी ऑर्डर जाते, जाऊ दे. फोन आला तर कडेला सुरक्षित जागी थांबून घ्या. हँड्सफ्री बोलताना हात मोकळे असतात, लक्ष नसतं. माणूस समोर बघत असूनही समोरचं टिपत नाही.

मोबाइलचा होल्डर रबरी धक्काशोषक असलेला घ्या. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ साली स्वतःच दिला होता. तो बिघाड नकाशाच्या वाटेत येत नाही, पण डिलिव्हरीचा फोटो धूसर येऊ लागला की कारण ठाऊक असलेलं बरं.

६. ब्रेक मारायला शिका

येतंच की, असं वाटतं. बऱ्याच जणांचा पाय मागच्या ब्रेकवर आधी जातो आणि पुढच्या ब्रेकची भीती असते, "गाडी उलटेल". प्रत्यक्षात जोरात ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम तेच चाक करतं. मागचं चाक त्या वेळी हलकं झालेलं असतं, त्यावर जास्त जोर दिला की ते घसरतं.

रिकामं, कोरडं, सपाट मैदान शोधा. गाडी सरळ, नजर लांब. ताशी २० ने सुरुवात करा. पुढचा ब्रेक झटक्याने नाही, दाबत न्यायचा: पहिला हलका दाब वजन पुढे आणायला, मग जोर. सोबत मागचा ब्रेक हलका. जमलं की ३०, मग ४०. त्यानंतर हेच भरलेली बॅग लावून करा, कारण काम त्याच वजनावर करायचं आहे.

गाडीला एबीएस ही ब्रेकची यंत्रणा असेल तर चाक जाम होत नाही आणि आणीबाणीत हँडल तुमच्या ताब्यात राहतं. पण वाळूवर किंवा ओल्यावर तो अंतर जादूने कमी करत नाही. एबीएस नसेल आणि पुढचं चाक घसरलं तर ब्रेक लगेच सोडून पुन्हा हळू दाबायचा. हेही मैदानावरच, कमी वेगात समजून घ्या. वळणात मध्यावर ब्रेक मारायची वेळ येऊ नये म्हणून वेग वळणाच्या आधीच उतरवा.

७. रस्ता वाचायचा कसा

१९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाचा अहवाल आला. लॉस एंजलिसच्या परिसरातले सुमारे ९०० मोटरसायकल अपघात त्यांनी जागेवर जाऊन तपासले होते. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश अपघातांत दुसरं वाहन होतं, आणि त्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा त्या दुसऱ्या वाहनाने बाइकवाल्याचा हक्काचा रस्ता अडवला होता. चालकांचं म्हणणं ठरलेलं: बाइक दिसलीच नाही. अहवाल जुना आहे, चौक मात्र आजही तसेच आहेत.

म्हणून चौकात आपण दिसत नाही असं धरूनच शिरा. वळू पाहणाऱ्या कारच्या चालकाशी नजरानजर झाली म्हणजे त्याने बघितलं, असं नसतं. त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. चाक फिरायला लागलं की गाडी हलणार, हे चेहऱ्यापेक्षा लवकर कळतं. बोटं ब्रेकवर, वेग थोडा उतरवलेला. सिग्नल हिरवा झाला तरी दोन्ही बाजू बघून निघा. आपला सिग्नल लाल झाल्यावरही घुसणारा एकतरी असतो.

मोठ्या ट्रकच्या किंवा बसच्या शेजारी रेंगाळू नका. तुम्हाला त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. ट्रक वळणार असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला कितीही जागा दिसली तरी शिरायचं नाही. मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि ती जागा वळता वळता मिटते.

उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना एक दार उघडेल इतकं अंतर सोडा. नुकत्याच थांबलेल्या, आत माणूस दिसणाऱ्या गाडीपासून जरा जास्तच.

पुढच्या वाहनापासून किमान दोन सेकंद. पुढची गाडी खांबापाशी गेली की मोजायला लागा. दोन मोजून व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. गॅप ठेवला की कुणीतरी त्यात घुसतो, हे खरं. घुसू द्या, पुन्हा गॅप घ्या.

थांबलेल्या गाड्यांच्या मधून पुढे जाणं काही ठिकाणी कायद्याला चालतं, काही ठिकाणी नाही. आधी ते माहीत करून घ्या. चालत असेल तिथेही त्यांच्यापेक्षा थोड्याच जास्त वेगाने जा, आणि रांग हलायला लागली की तुम्ही रांगेत. दोन मोठ्या वाहनांच्या मधून कट मारायचा नाही.

आणि राँग साइड. पुढून वळसा घालायला दोन मिनिटं, उलट्या बाजूने पन्नास मीटर, हा मोह रोज होतो. गल्लीतून बाहेर पडणारा चालक ज्या बाजूने वाहनं येतात तिकडेच बघतो. तुम्ही त्याच्या दुसऱ्या बाजूने येता. खाली उतरून गाडी ढकलत नेली तरी पन्नास मीटरला एक मिनिट पुरतं.

८. पाऊस आणि रात्र

पावसाची पहिली काही मिनिटं सगळ्यांत निसरडी, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यावर तरंगून वर येतात. थोडं थांबता आलं तर थांबा. ओल्या रस्त्यावर दोन सेकंदांचा गॅप चार करा. रंगाचे पट्टे, लोखंडी झाकणं, पडलेली पानं यांवर असताना ब्रेक नाही, वळण नाही, ॲक्सिलरेटर एकसारखा. रेल्वेचे रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून तिथे वळसा परवडतो.

रात्री तुमच्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग. समोरून अप्पर मारून कुणी आलं तर त्या दिव्याकडे बघू नका. आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेवर नजर ठेवून वेग कमी करा. हेल्मेटची काच आणि हेडलाइट, दोन्ही पुसायला एक स्वच्छ फडकं जवळ असू दे.

९. मिनिटं सापडतात तिथे शोधा

एक ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत आठवून बघा. पिकअपला वाट बघणं, बॅगेत भरणं, पत्ता शोधणं, गाडी लावायला जागा, गेटवर नोंद, लिफ्ट, ग्राहकाचा फोन न लागणं. रस्ता हा त्यातला एक तुकडा. बाकीच्या तुकड्यांत वेळ सांडतो आणि तिथे घाई करून कुणी मरत नाही.

पत्ता अर्धवट असेल तर पिकअपवरूनच ग्राहकाला फोन करा: कुठलं गेट, कितवा मजला, लिफ्ट चालू आहे का. दोन ऑर्डर असतील तर आधी जाणारी वर ठेवा, दारात बॅग उपसायला लागू नये. गाडी निघायच्या दिशेला तोंड करून लावा, पण रॅम्पवर किंवा मऊ मातीत साइड स्टँडवर सोडू नका. सुट्टे पैसे वेगळ्या खिशात. नेहमी लागणाऱ्या इमारतींचं गेट, पार्किंग आणि लिफ्टची बाजू मोबाइलमध्ये टिपून ठेवा. नवख्याला आणि मुरलेल्या रायडरला मी शेजारी शेजारी काम करताना बघितलं आहे. मुरलेला गाडी हळूच चालवतो, फक्त दारात त्याचा वेळ जात नाही.

उशीर पिकअपमुळे झाला असेल तर ॲपमध्ये तिथेच नोंदवा आणि ग्राहकाला एक मेसेज टाका. तो उशीर रस्त्यावर भरून काढणं तुमच्या करारात लिहिलेलं नसतं. अमेरिकेत डॉमिनोजने तीस मिनिटांत पोहोचवण्याची हमी १९९३ साली मागे घेतली. सिग्नल तोडणाऱ्या डिलिव्हरी चालकामुळे जखमी झालेल्या एका महिलेला कोर्टात मोठी भरपाई मंजूर झाल्यानंतर ते घडलं. तुमच्या स्क्रीनवरचं घड्याळ कुणीही लावलेलं असो, सिग्नल तोडल्याचा दंड आणि गुन्हा चालवणाऱ्याच्या नावावर येतो.

१०. कधी थांबायचं

इन्सेंटिव्हच्या शेवटच्या दोन ऑर्डर दिवसातल्या सगळ्यांत धोक्याच्या, कारण तेव्हा अंग थकलेलं असतं आणि डोकं हिशेबात असतं. सतरा तासांपेक्षा जास्त सलग जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. दिवसा दुसरी नोकरी करून रात्री डिलिव्हरीला निघणाऱ्यांनी आपले तास सकाळी उठल्यापासून मोजावेत, लॉग-इन केल्यापासून नाही.

खुणा अशा: मागचा सिग्नल कसा ओलांडला ते आठवत नाही, नजर एकाच जागी अडकते, छोट्या गोष्टीवर चिडचिड होते, गिअर चुकतो. यातली एक दिसली की गाडी लावून पाणी प्या, हातपाय मोकळे करा. तासाभरात दुसरी दिसली की लॉग-आउट.

११. पडलात तर

लगेच उभे राहू नका. मान, पाठ, हात, पाय एकेक करून हलवून बघा, मग रस्त्यातून बाजूला व्हा. मान दुखत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील तर हलू नका आणि मदतीला आलेल्या माणसांना हेल्मेट ओढून काढू देऊ नका. श्वास अडकत नसेल तर ते काम प्रशिक्षित माणसाचं. रुग्णवाहिका आणि पोलिसांचा नंबर आधीच पाठ असू दे.

ठीक असाल तर दोन्ही वाहनांचे नंबर प्लेटसकट फोटो, रस्त्याचा फोटो, साक्षीदाराचा नंबर. ऑर्डरचं काय झालं हे त्यानंतर. कंपनीच्या ॲपमध्ये अपघात त्याच दिवशी नोंदवा आणि त्या नोंदीचा स्क्रीनशॉट ठेवा. अपघाताच्या वेळी ऑर्डर चालू होती हे दाखवणारा स्क्रीनशॉटही. विमा कंपनीला कळवायची मुदत पॉलिसीत असते, ती ओलांडू नका.

अंगात जोर असतो तेव्हा दुखणं कळत नाही. डोक्याला मार लागला असेल आणि काही तासांनी उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा बोलण्यात गोंधळ सुरू झाला तर तडक रुग्णालय गाठा. आपटलेलं हेल्मेट बाहेरून नीट दिसलं तरी आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो, तेव्हा ते पुन्हा वापरू नका, कुणाला देऊही नका. पट्टा कापून टाका, म्हणजे भंगारातून उचलून ते कुणी डोक्यावर चढवणार नाही.